चार नंबरच्या मिसेस टेलर

चार नंबरच्या खाटेवर मिसेस टेलर कण्हत होत्या. तरण्याताठ्या, सातवा महिना लागलेला आणि सकाळपासून उलट्या. त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि गळ्यात इष्टलिंग होतं. पण दुपारच्या वॉर्डात पेशंटकडे इतकं निरखून कोणी बघत नाही.

"आय अ‍ॅम थ्रोइंग अप," मिसेस टेलर म्हणाल्या आणि मग मूळ आवाजात विचारलं, "शिस्टर, कळ आता द्यायची का बाळंतपणात द्यायची?"

"आत्ता नुसती मळमळ, अप्पा," चांगुणा म्हणाली आणि सलाईनचा वेग कमी केला.

मलप्पा अप्पांची लातुरात डाळमिल होती. तुरीची डाळ करण्यात उभा जन्म गेला आणि आता हृदय थकलं होतं. पायांवर सूज, चार पावलं चाललं की धाप. डॉक्टर म्हणाले होते, राहू द्या इथंच. राहू द्या म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि घरच्यांनी विचारलं नाही. अप्पांनी मात्र न विचारताच ओळखलं होतं आणि त्यामुळे त्यांना फार कंटाळा आला होता.

चांगुणा नायगावची. तिला नर्स म्हणून इंग्लंडला जायचं होतं. सुई टोचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, अडचण बोलण्याची होती. तिकडे जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत समोर पेशंट म्हणून बसलेला माणूस साधं क्रियापद वापरतच नाही, प्रत्येकाला मागून एक शेपूट लावतो. नांदेडचे एक सर फोनवरून ती शेपटं पाठ करून घ्यायचे. सर ओरडायचे, "लुक आफ्टर!" आणि सगळा क्लास मागून ओरडायचा, "सांभाळणे!" "गिव्ह अप!" "सोडणे!" "पास आउट!" "बेशुद्ध पडणे!" एकदा चुकून स्पीकर चालू राहिला आणि सगळा वॉर्ड बेशुद्ध पडणे म्हणून ओरडला. ऑपरेशनला निघालेले एक गृहस्थ स्ट्रेचरवरून उतरून घरी गेले.

तेव्हाच अप्पांनी तिला जवळ बोलावलं होतं. "घोकून काय होतंय? आडतीत भाव पाठ करून सौदा होतो का? कुणाशी तरी बोलावं लागतंय. माझ्यासंगं बोला. मी रिकामाच हाय."

तेव्हापासून अप्पा रोज कोणीतरी वेगळे असायचे. पेशंट कोण आणि त्याला काय होतंय, अशा परीक्षेसारख्या चिठ्ठ्या चांगुणा मोबाइलवरून वाचून दाखवायची आणि अप्पा अंगात आल्यासारखे बोलायचे. इंग्रजी मिलच्या पार्ट्यांशी फोनवर बोलण्यापुरतं होतं, बाकीचं ते कण्हून भरून काढत. मिस्टर हॅरिस नावाच्या दारुड्याची चिठ्ठी आली तेव्हा मात्र ते बिथरले. लिंगायताच्या घरात दारूचं नाव नको म्हणाले. मग पोरीच्या परीक्षेसाठी थोडी घ्यायला तयार झाले आणि नंतर ती सोडायला दोन दिवस तयार होईनात.

त्यातच एका दुपारी त्यांचा मुलगा राजशेखर डबा घेऊन आला. बाप सिस्टरचा हात धरून सांगत होता की दारूपायी बायको सोडून गेली.

"अप्पा, तुम्ही पीत होता?" राजशेखरने विचारलं.

"हाव. लंडनला," अप्पा म्हणाले. "डबा ठेव."

एक चिठ्ठी मात्र चांगुणा रोज मागे टाकायची. शेवटी अप्पांनीच विचारलं, ही कोणती. तिने सांगितलं, याच चिठ्ठीवर ती मागच्या वेळी नापास झाली होती. पेशंट दगावलाय, त्याच्या बायकोला सांगायचं, पाच मिनिटांत. चांगुणाने तिला बसवलं, पाणी दिलं, जेवलात का विचारलं, घरी मोठं कोण आहे, त्यांना बोलवता का म्हणाली. बायकोचं काम करणारी मॅडम पुन्हा पुन्हा विचारत होती, मी त्याला भेटू का? शेवटच्या मिनिटाला चांगुणा म्हणाली होती, थोडा सिरियस आहे.

"पास अवे म्हणजे वारणे, हे मला येत होतं अप्पा," ती म्हणाली. "पण तोंडातून निघंना."

तिचा तरी काय दोष होता? इकडच्या दवाखान्यांत मेलेला माणूस लगेच मरत नाही. आधी तो सिरियस होतो, मग भाऊबंद बोलावले जातात, मग कोणीतरी म्हणतं आता घरी न्या, आणि गाडी गावाच्या वेशीत शिरल्यावर तो मरतो. सांगणारा कोणीच नसतो. सगळ्यांना आपोआप कळतं.

अप्पा हसले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ वीरण्णा असेच गेले होते. "दुपारीच गेला होता माझा भाऊ. अन् हे लोक सांजपर्यंत सिरियस हाय, सिरियस हाय करून राहिले. आमच्यात माणसाला बसवून नेतात, मांडी घालून. तसाच मातीत ठेवतात. अंग कडक व्हायच्या आत बसवावं लागतंय. त्याचे पाय वाकलेच न्हाईत. समदा बाजार बघून राहिला होता, अन् माझा भाऊ पाय ताणून चाललेला. ज्याला कोणी कधी दुकानात टेकलेला पाहिला नव्हता."

मग त्यांनी सौदा मांडला. ते तिचे सगळे पेशंट होतील, बाईसुद्धा होतील. बदल्यात ते गेले की चांगुणाने राजशेखरला लगेच सांगायचं. सरळ. पाणीबिणी नंतर.

चांगुणा हो म्हणाली आणि सरावाला बसली. अप्पा विधवा झाले, डोक्यावरून चादर घेतली. चांगुणाने त्यांना जेवलात का विचारलं.

"न्हाई जमलं," अप्पा चादरीतून म्हणाले. "मी मेलोच न्हाई यात."

पुढे रोज ते विधवा झाले. ते रोज जेवलेले होते.

अप्पा गेले ते भर दुपारी, फार आवाज न करता. राजशेखर खाली चहा आणायला गेला होता. डॉक्टरांनी तपासलं, छाती दाबून पाहिली, मग घड्याळाकडे बघून वेळ सांगितली. जाताना म्हणाले, नातेवाइकांना हळूहळू सांगा, आधी चारजण जमू द्या.

जिन्यावर चपला वाजल्या. हातात थर्मास घेऊन राजशेखर दारात आला आणि चांगुणाच्या ओठांवर ते आलंच, जेवलात का. तिने ते गिळलं.

"राजशेखरभाऊ, अप्पा वारले. आत्ताच."

त्याने खाटेकडे पाहिलं. "सिरियस हायेत का?"

"न्हाई. वारले." शब्द तेच राहिले. "त्यांना बसवायचंय. उशीर करू नका."

राजशेखरने थर्मास खाली ठेवला. तुम्हाला कसं माहीत, असं त्याने विचारलं नाही. दोघांनी अप्पांना उठवून भिंतीला टेकवलं. गुडघे वाकले. चांगुणाने मांडी घातली, पाठीशी उशी लावली आणि अंग ढळू नये म्हणून छातीवरून रुंद बँडेज गुंडाळलं. राजशेखरने उशाखालच्या डबीतून विभूती काढून कपाळाला लावली. तेव्हा कुठे त्याला रडू आलं. मग तिने त्याला पाणी दिलं.

अँब्युलन्स झोपलेल्या माणसांसाठी असते. म्हणून अप्पा मिलच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसले, ताठ, खांद्याला मुलाचा हात. चांगुणा गेटपर्यंत आली. नरसिंग वॉचमनची अप्पांशी चांगली ओळख होती. त्याने जीप पाहिली, सवयीने सलाम ठोकला आणि तिला म्हणाला, "मोठे शेठ बसून चालले. सुट्टी भेटली का?"

"वारले ते, नरसिंगदादा," चांगुणा म्हणाली.

नरसिंगचा हात कपाळाशीच राहिला. जीप वळून धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली, तरी तो त्याने खाली घेतला नाही.