गुडघ्यातले कान

ते साल एकोणीसशे चौसष्ट. मी चौथीत होते आणि आमच्या वर्गाच्या खिडकीत काचेची एक पेटी होती. तळाला ओलसर माती, वर पुठ्ठ्याचे तुकडे, बशीत कोंडा आणि गाजर, आणि रातकिड्यांची पिल्लं. पेटी विज्ञानाच्या बाईंची. पुठ्ठे कशाला, तर लपायला जागा कमी पडली की हे एकमेकांनाच खातात, असं सांगून बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला धडकी भरवली होती.

पिल्लं दिसायला आईबापांसारखीच, फक्त बिनपंखांची. कात टाकून निघाली की दुधासारखी पांढरी असत, मग हळूहळू काळी पडत. शेवटची कात टाकली की पंख येतात आणि नर गायला लागतो. पहिला नर गायल्याशिवाय बाई रातकिड्याचा धडा काढत नसत. तो गात असताना कुणी हूं की चूं करायचं नाही, पायसुद्धा वाजवायचा नाही, कारण जमीन हलली तरी तो गप्प होतो.

त्या वर्षी मोठ्या बाई नवीन आल्या होत्या. त्यांना पेटीचा वास येई. धडा होणार नसेल तर शनिवारपर्यंत पेटी रिकामी करा, असं त्यांनी आमच्या देखतच सांगितलं. गातील एवढ्यात, म्हणून बाईंनी वेळ मारून नेली.

गात तर ते होतेच. पुठ्ठ्याखाली बसून एक नर गणिताच्या तासाला गायचा, विज्ञानाच्या तासालाही गायचा. बाई पेटीला कान लावत आणि म्हणत, "पंख तर आलेत. मग बिनसलं कुठे?" त्यांनी कोंडा बदलला, पेटी उन्हात सरकवली. आम्हाला वाटलं, नियम कोण मोडतं ते बघतायत. सगळे तोंडाला कुलूप लावून बसलो.

शुक्रवारी बाईंनी पेटी टेबलावर आणली. यंदा जमलं नाही, बागेत सोडून देऊ, म्हणाल्या आणि झाकणाला हात घातला. तेव्हा पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीला, आमच्या टकळीला, राहवेना.

"बाई, तो गातोय की. आत्तासुद्धा."

कुणी हसलं नाही. बाईंनी आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

झाकण बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "कुठला? दाखव."

टकळीनं एका बोटानं पुठ्ठा उचलला. नर गप्प झाला. थोड्या वेळानं त्यानं पंख उचलले. बाईंनी चष्मा काचेला टेकवला.

"आता?"

"गातोय."

"आता?"

"थांबला."

"बरं," बाई म्हणाल्या. "पुस्तकं मिटा."

एका पंखाखाली कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्याची कड त्यावर घासते. घशाचा काही संबंध नाही. मादी मुकी, पण तिच्या शेपटीशी सुईसारखी नळी असते. ती मातीत खुपसून अंडी घालते. गाणं तिच्यासाठीच, आणि ती ते ऐकते पुढच्या पायांनी. तिचे कान गुडघ्याखाली.

"बाई, आई म्हणते माझी अक्कल गुडघ्यात आहे," टकळी म्हणाली.

"मग तू रातकिड्यांच्या भावकीतली. बस खाली."

मोठ्या बाई दारात येऊन ऐकत राहिल्या आणि परत गेल्या. पेटी खिडकीतच राहिली. सोमवारपासून नियम बदलला. रातकिडा गायला लागला की हात वर करायचा.

तो नर थंडीआधीच मेला. मातीतून पुढच्या वर्षी तिळाएवढी पिल्लं निघाली. मोठ्या बाईंची बदली झाली. टकळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि बोलण्याचाच पगार घेऊन निवृत्त झाली. बाई निवृत्तीनंतर शेवटपर्यंत आपल्या बहिणीकडे राहिल्या. शाळा सोडताना त्यांनी पेटी मला दिली होती, ती आता रातकिड्यांसकट माझ्या गॅलरीत आहे.

परवा संध्याकाळी नात पेटीशी वाकून बसली होती. एकदम तिनं हात वर केला.

मी चष्मा शोधला आणि म्हटलं, "कुठला? दाखव."