रमणचा शेवटचा रोर

रमणला एका जागी बसवणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी थांबवणं. आठ वर्षं तो अप्पर हट गावामागच्या डोंगरांत धनुष्य घेऊन भटकत होता, आणि आठ वर्षांत त्याचे बाण फक्त झाडांना लागले होते. मे महिन्यात खांद्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर धनुष्य विसरा, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे यंदाचा एप्रिल शेवटचा. एप्रिलमध्ये नर हरणं माद्यांसाठी वेडीपिशी होऊन घसा फोडतात, त्याला इथले लोक रोर म्हणतात. शिकाऱ्याने तसाच आवाज काढायचा, की आपल्या हद्दीत कोण घुसलं ते बघायला नर चवताळून येतो.

रमणच्या आवाजाला आजवर कुणी भीक घातली नव्हती. म्हणून यंदा आवाज बायकोचा. स्नेहलता पुण्यात मैफली करायची. इथे परदेशात आल्यावर नोकरी, मुली, घर यांत गाणं कधी सुटलं ते कुणाला कळलं नाही, रमणला तर नाहीच. पण त्याच्यासाठी ती तीन आठवडे गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या पाइपात तोंड घालून घुमत होती. सगळं ठीक आहे ना, म्हणून शेजारीण विचारून गेली.

सकाळी ओढ्याकाठी तो पुढे दबा धरून बसला, ती पंधरा पावलं मागे. तिने आवाज दिला. समोरच्या उतारावरून उत्तर आलं. रमणने चौथ्यांदा वारा तपासला, पाचव्यांदा बाण चाचपला.

नर आला. खरंच आला. पण झाडाआड थबकला. रमणने दोरी ओढून धरली. खांद्यात आग पेटली. आणखी दोनच पावलं हवी होती, आणि नर तर मागे वळू लागला.

तेव्हा स्नेहलताने आवाज खाली आणला. खोल, आर्जवी, किंचित कापरा, आणि शेवटी अलगद टेकवलेला. नराने मान वळवली, दोन पावलं पुढे टाकली. छाती समोर उघडी.

"वा!" रमण म्हणाला. चांगला मोठ्याने, मान हलवून. पुण्याला तिच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून म्हणायचा, अगदी तसा.

फांद्या कडाकडा मोडत नर पसार झाला. रमणने दोरी सैल केली.

"रमण, वेड लागलंय का तुला?" स्नेहलता धावत आली. "लास्ट चान्स होता! बोललास कशाला?"

"तोंडातून गेलं गं. तू ती शेवटची जागा अशी घेतलीस की…"

तिने हातातला पाइप खाली टाकला.

"माझं गाणं सुटून अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "एकदा तरी विचारलंस, का गात नाहीस म्हणून?"

रमणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

ती ओल्या शेवाळावर बसली आणि हमसून रडू लागली. पलीकडे नर पुन्हा ओरडला, आता अगदी जवळून. रमणने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.