चार वाजताचे अठरा श्वास

"नाडीवरचं बोट उचलायचं नाही, पोरी. नाडी मोजून झाली तरी बोट तसंच राहू दे आणि नजर हळूच छातीवर ने. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आणि पूर्ण मिनिट मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं म्हणजे देवाला अर्धा नमस्कार करून पुरा आशीर्वाद मागणं."

असं शिकवणाऱ्या थोरल्या सिस्टर देवाघरी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली शिकली म्हणून सर्जरीच्या वॉर्डात तिला सगळे अजून धाकट्या सिस्टर म्हणत. केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी धाकटेपण काही सुटलं नाही. थोरल्या गेल्यावर पहिली काही वर्षं तिनं तो नेम पाळला. मग हळूहळू तो वॉर्डाच्या रीतीत विरघळून गेला. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी यंत्र सांगतं, नाडीही सांगतं. श्वासाचा रकाना मात्र माणसानं मोजून भरायचा, म्हणून तिथं सगळ्यांचा एकच आकडा पडायचा. अठरा. राउंडला येणारे डॉक्टर एकदा हसून म्हणाले होते, "काय हो, तुमच्या वॉर्डात तीस माणसं एका तालावर श्वास घेतात. यांना गाण्याला का नाही बसवत?"

सगळ्या हसल्या होत्या. तीसुद्धा.

सात नंबरच्या खाटेवर एक सुतार होता. आतड्याचा सडलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. नाकात नळी, तोंडानं काहीही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती त्याच्याजवळ गेली. ताप थोडा, नाडी जरा जलद, बीपी बरं.

"कसं वाटतंय?"

"बरं... आहे... सिस्टर."

तेवढ्यात दारातून वॉर्डातल्या मावशींची हाक आली, "अहो, चहा निवतोय! पुन्हा गरम करून मिळणार नाही हं, सांगून ठेवते!" तिनं चार्टवर अठरा लिहिलं आणि वळली.

चार ते सहा भेटीची वेळ. साडेचारला सुताराच्या बायकोनं, त्याच्या ओठांना चिरा पडलेल्या बघवेनात म्हणून, चमच्यानं थोडं पाणी पाजलं. सहाला तो घामानं डबडबला, काळवंडला. पोट फळीसारखं घट्ट. धावाधाव झाली, पुन्हा ऑपरेशन झालं. जोड सुटला होता. सकाळी तो गेला.

टेबलाशी उभे राहून डॉक्टर चार्ट चाळत होते. "दोन चमच्यांनी जोड सुटत नाही खरं तर. तो आधीच सुटला असणार. पण चारला श्वास अठरा... म्हणजे तोवर ठीकच होता की. मग पाण्याचंच निमित्त झालं म्हणायचं." दारात मयताचा थोरला भाऊ उभा होता. त्यानं हे शेवटचंच ऐकलं, आणि त्याला तेवढं पुरलं. व्हरांड्यात सगळ्यांदेखत तो भावजयीला म्हणाला, "पाजलंस ना पाणी? झालं समाधान?"

धाकट्या सिस्टरनं चार्ट मिटून जागेवर लावला. "बरं... आहे... सिस्टर." तीन शब्दांना तीन दम. तिनं ते ऐकलं होतं. टाके दुखत असतील म्हणून सोडून दिलं होतं. मोजले असते तर तीस भरले असते, कदाचित जास्तच. म्हणजे जोड तेव्हाच सुटलेला, पाणी पाजायच्या आधी अर्धा तास. वेळ नव्हता, असं ती आठवडाभर स्वतःला सांगत राहिली. मग तेही सांगवेना. वेळ होता. चहा होता.

त्यानंतर ती मोजू लागली. प्रत्येकाचा, पूर्ण मिनिट. बाकीच्या सिस्टर म्हणत, "आता काय तपश्चर्या मांडलीय का?" ती मोजत राही. घरी नवरा पेपर वाचत बसला की ती स्वयंपाकघरातून त्याचे श्वास मोजायची. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या अनोळखी पाठीचे मोजायची. पहाटे पूजेला बसली की हात जोडलेले असत आणि ओठांवर नामाऐवजी आकडे येत. देवापुढे एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

आणि सात नंबर. तिथं नवा पेशंट आला, बरा होऊन गेला, दुसरा आला. ती घड्याळाकडे बघून मोजायची. काटा बारावर आला की थांबायची. आणि मग एक श्वास ऐकू यायचा. उथळ, घाईचा, अर्ध्यात तुटलेला. समोरच्या माणसाची छाती हललेली नसायची. पहिल्यांदा तिला वाटलं, शेजारच्या खाटेवरून आला असेल. तिनं पडदा ओढला. तरी आला. एकदा खाट भिंतीकडे सरकवून घेतली. मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वास्तुशास्त्र शिकलात की काय?" खाट हलली, श्वास हलला नाही. दुपारच्या लख्ख उजेडात, फिनेलच्या वासात, आजूबाजूला माणसं हसत-बोलत असताना तो येई. घाबरवत नसे. नुसता येई. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा, आपली पाळी कधी येते ते बघत.

तीन महिन्यांनी, भेटीच्या वेळी, मावशी तिच्या कानाशी लागल्या. "ती आलीय. पाण्याची बाई."

"कोण?"

"अहो, सात नंबर. सुताराची बायको. तासभर बाकावर बसलीय, कुणालाच भेटायला आलेली नाही."

वॉर्डानं तिला नाव ठेवलं होतं तर! धाकट्या सिस्टरला ते आज कळलं. करणारी मी, नि नाव पडलं हिचं. ती बाहेर गेली. बाई वाळून काटकी झाली होती. उभी राहिली, पुन्हा बसली.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. रागावू नका. दोन चमचे होते की तीन? मला काही केल्या आठवत नाही हो. मी दोन म्हणते, दीर म्हणतात वाटीभर पाजलंस. तुम्ही होतात ना इथं?"

"ताई..."

"लोकांचं सोडा. लोक काय, बोलून मोकळे. पण मुलगी माझ्या हातचं पाणी घेत नाही. बोलत काहीच नाही. मी पेला भरून ठेवते, ती उठते, तो मोरीत ओतते आणि स्वतःचा भरून घेते. चौदाची आहे. आता मामाकडे जाऊन राहते म्हणते. रविवारी नेणार आहेत तिला." तिनं पदर तोंडावर दाबला. "दोनच होते असं कुणी तिला सांगितलं तर..."

दोन होते की तीन, याचं उत्तर धाकट्या सिस्टरपाशी नव्हतं. जे होतं ते वेगळंच होतं. इथं सांगून टाकलं तर ही एकटी ऐकेल, आणि घरी हिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

"ताई, मुलगी जायच्या आधी मी घरी येते. उद्या. तिलाही थांबवा आणि दिरांनाही बोलवा. चमच्यांचं नाही, वेगळंच सांगायचंय. पाण्यामुळे झालं नाही ते. चूक माझ्याकडून झालीय."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "याल ना नक्की?"

"येते. शब्द देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेट्रनपुढे अर्ध्या पानाचा कागद ठेवला. चारच्या चार्टवरचा श्वासाचा आकडा मी मोजलेला नव्हता, मनानं लिहिला होता. खाली सही, तारीख.

मेट्रननं दोनदा वाचलं. "तीन महिन्यांनी? कुणी विचारलं का तुला?"

"नाही."

"कुणी विचारणारही नाही. हा कागद पुढे गेला तर चौकशी लागेल. नोकरीवर येईल, बाई. पेन्शनला किती वर्षं राहिलीत तुझी?"

"चार."

"घे परत. मी काही पाहिलं नाही." मेट्रननं कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तिनं तो उचलला नाही. मग मेट्रननं आवक नोंदवही उघडली, कागदावर क्रमांक टाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "जा. आज सुट्टी लाव."

घरी येऊन तिनं आंघोळ केली, देवापुढे क्षणभर बसली, साधी सुती साडी नेसली. नवरा म्हणाला, "आज ड्युटी नाही? कुठं निघालीस?"

"एका घरी जायचंय. आल्यावर तुम्हालाही सांगते सगळं."

"जेवून तरी जा."

"आधी जाऊन येते."

पत्ता तिनं कागदावर उतरवून घेतला होता: लाकडाच्या वखारीमागची गल्ली, निळं दार. तिनं चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली.