दाराला लावलेला आकाशातला दगड

मी एक दगड आहे, दार उघडं राहावं म्हणून त्याला लावलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटं ठेचकाळतात आणि ते मलाच शिव्या घालतात, "मेला हा दगड!" घाला बापडे. पण मी नदीतला नाही आणि डोंगरातलाही नाही. मी आकाशातून आलोय. हसू नका.

तिथलं आयुष्य सांगण्यासारखं नव्हतं. अंधार, थंडी आणि नुसतं फिरणं. तेव्हा मी एखाद्या शाळेच्या इमारतीएवढा होतो, पण कौतुक करायला होतं कोण? मला कुठं जायचं होतं असंही नाही. वाटेत तुमची पृथ्वी आली, बस्स.

हवेत शिरलो आणि अंगाची आग आग झाली. खाली जंगलच जंगल. जमिनीला टेकायच्या आधीच मी फुटलो. लांबच्या गावातल्या खिडक्यांच्या काचा खळाखळा फुटल्या म्हणे. माझा बहुतेक भाग धूर होऊन गेला. मी हा एवढा, दोन विटांएवढा उरलो आणि चिखलात रुतलो.

दूरदूरपर्यंत झाडं आडवी झाली होती. पण मी ज्यांच्या बरोबर डोक्यावर फुटलो, ती उभीच राहिली, फांद्या झडून नुसते खांब. त्या खांबांमध्ये एक माणूस पडला होता.

झाडं तोडणाऱ्यांची टोळी होती. बाकीचे नदीपलीकडे सामान उतरवत होते आणि हा झाडांवर खुणा करायला एकटाच पुढं आला होता. पायावर जाड फांदी पडलेली, दोन्ही कानांतून रक्त. पहिला दिवस त्यानं ओरडण्यात घालवला. "अरे, इथंय मी! आहे का कुणी?" कुऱ्हाड हाताशी होती, तिनं खोडावर ठोकत राहिला. स्वतःचं ठोकणं त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून आणखीच जोरात ठोकायचा. मधूनच म्हणायचा, "आता ही म्हणेल, सांगितलं होतं ना, एकटे जाऊ नका!" दुसऱ्या दिवशी घसा पार बसला, हात गळाले.

आणि नेमका तेव्हा त्याचा धाकटा भाऊ त्याला शोधत आला.

आता ह्या लोकांची एक पद्धत ऐका. झाड पाडायच्या आधी तीन हाका मारायच्या. आसपास कुणी असेल तर त्यानं ओ द्यायची, नाहीतर खोडावर ठोकायचं. तीन हाकांना उत्तर आलं नाही म्हणजे तिथं माणूस नाही, मग खुशाल घाव घालायचा. ह्या नियमानं कितीतरी जीव वाचवले होते. तो त्यांच्या अंगात मुरलेला होता.

धाकट्यानं तोंडाशी हात धरले. "दादाऽ!" थांबला, कानोसा घेतला. "दादाऽऽ!" तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला.

दादा पलीकडेच, एका खोडाआड, ह्याच्याकडे पाठ करून पडला होता. जिवंत होता हो! कुऱ्हाडीचा दांडा मुठीत होता. हाक कानावर पडली असती तर एक ठोका द्यायची ताकद अजून उरली होती. मी दोघांच्या मधे पडलो होतो. मला तोंड असतं तर!

धाकट्यानं डोळे पुसले. पायाशी मी दिसलो, काळाकुट्ट, वेगळाच. मला पोत्यात टाकून तो दुसऱ्या बाजूला शोधायला गेला. पुढं कित्येक दिवस सगळ्यांनी जंगल पालथं घातलं, पण इकडं कुणी फिरकलं नाही. इथं हाका मारून झाल्या होत्या ना.

"वहिनी, दादा नाही मिळाला," त्यानं घरी येऊन सांगितलं. "हा मिळाला." आणि लहान मुलासारखा रडला.

वहिनी रडली नाही. "मिळाले नाहीत ना? मग आहेत कुठंतरी." तिनं मला उचललं आणि उघड्या दाराला लावलं. "ह्यांना दार वाजवायचा भारी कंटाळा," म्हणाली.

मग एक प्राध्यापक आले. माझा एक काप काढून नेला, माझं वय सांगून गेले. तिनं विचारलं, "ह्याच्यावरून कळेल का हो, आमचे हे कुठं आहेत ते?" ते म्हणाले, "नाही ताई, एवढं नाही कळत." कळत होतं, मला कळत होतं!

वर्षं गेली. तिचे केस पिकले, कान गेले. दिवसभर दार उघडंच.

मग एके दिवशी दुपारी भाऊजी आले, म्हणजे तोच धाकटा. ती आत भाजी चिरत होती, पाठ दाराकडे. भाऊजींनी फाटकातून हाक मारली, "वहिनीऽ!" थांबले. पुन्हा मारली. तिसरी मारली आणि "नाहीत वाटतं घरात," म्हणत मागं वळलेसुद्धा. तेवढ्यात ती पाणी टाकायला बाहेर आली.

"अगंबाई, भाऊजी! परत कुठं निघालात? हाक नाही का मारायची?"

"मारली की. तीनदा मारली."

"मेलं ऐकूच येत नाही हल्ली. चार पावलं आत येऊन बघायचं ना! मी इथंच तर होते."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याशेजारी पायरीवर मटकन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, दादाला ऐकू आलं नसेल."

"काय म्हणालात?" तिनं कानामागं हात धरला.

"काही नाही. चहा टाका."

जाताना त्यांनी मला उचललं. "वारा फार आहे. दार लावून घेऊ?"

"नको हो. हे आले म्हणजे?"

त्यांनी मला होतो तिथं परत ठेवलं. त्यानंतर ते आलेले नाहीत.

आता आम्हा दोघांना माहीत आहे. मला वाचा नाही आणि त्यांना धीर नाही. तुम्ही कधी ह्या दारातून आत आलात, बोट ठेचकाळलं, तर शिव्या खुशाल द्या, पण मला पायानं जरा बाजूला सारा. हे दार एकदा तरी लागू दे.

पण नकोच, राहू द्या. ती उठून परत लावेल मला.