गच्चीवरचा जवळा

आमच्या ह्यांना, म्हणजे हरेश्वरला, एक खोड आहे. कुठलीही गोष्ट अर्धी ऐकायची आणि दुप्पट करून सांगायची. त्या खोडीपायी आज आमच्यावर काय पाळी आलीय, ते ऐका.

मोजणीवाल्यांचा निरोप आला, ड्रोनने सगळ्या कोळीवाड्याचा नकाशा काढणार. ज्याचं घर नकाशात दिसेल त्याला घराचा उतारा मिळणार, आणि जी जागा वापरात दिसेल ती वापरणाऱ्यांची म्हणून लागणार. आमचं घर आणि त्याला चिकटून असलेलं मासळी सुकवायचं खळं, दोन्हींचा जीव त्या एका फोटोत. खळं गेलं तर आम्ही बायकांनी बोंबील काय डोक्यावर वाळवायचे?

"फोटो निघणार हाय, घाण दिसता कामा न्हाय!" हे वाडीभर ओरडत फिरले.

झालं! आम्हा बायकांना कामाला जुंपलं. बोंबील टांगायचे बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या, वाळत घातलेला जवळा पाट्यांत भरून घरात नेला. खळं इतकं लख्ख झाडलं की पंगत बसवावी. मी म्हटलं, "अहो, मासळीच्या जागेत मासळी नको?" तर म्हणतात, "पाहुणे येताना तू खरकटी भांडी मांडून ठेवतेस का?" कपाळ माझं!

ड्रोन घेऊन दीपेश नावाचे साहेब आले. माणूस सरळ, बोलायला गोड. हे इस्त्रीचा शर्ट घालून खळ्याच्या मधोमध उभे. "कुठल्या बाजूने घेताय?"

"दादा, कॅमेरा सरळ खाली बघतो. तुमचं नुसतं टक्कल येईल."

बायका खो खो हसल्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मग दीपेशनी समजावलं, तिरक्या फोटोत जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. मापाला सरळ खालचाच फोटो खरा. हे वाक्य मात्र ह्यांनी गाठीला बांधलं. संध्याकाळी नाक्यावर भेटेल त्याला तेच, "सरळच खरा!"

नकाशा आला. आमचं घर चौकोनी, सुरेख. आणि खळ्यावर लिहिलेलं, "मोकळी जागा, वापर नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीपेशना बोलावून घेतलं आणि सगळ्यांत मोठ्याने मीच भांडले. बिचारे म्हणाले, "वहिनी, मला रिकामं दिसलं, मी रिकामं लिहिलं. पण पुन्हा उडवतो. आधीचा नकाशा रद्द करून नवा काढू. या वेळी थोडे तिरके फोटोही घेतो. मापाला सरळ लागतो, पण ओळखायला तिरका. भिंती, टांगलेली मासळी, उंचसखल, सगळं त्यातच कळतं."

"काय गरज न्हाय!" हे मध्येच. "सरळच खरा, तुम्हीच म्हणालात. आता तिरके काढून आमची जागा लहान करताय व्हय?"

वारा वाढत होता. दीपेशनी फार ताणलं नाही. सरळ तर सरळ.

टांगलेले बोंबील वरून दोरीएवढेच दिसणार, म्हणून ह्यांनी हुकूम सोडला, जवळा पसरा! वाडीतला सगळा जवळा खळ्यावर आला. तरी पाट्या उरल्या, तर हे त्या घेऊन आमच्या गच्चीवर चढले. वादळात पत्रे उडाल्यावर हाडाची काडं करून घातलेला आमचा स्लॅब, काठापासून काठापर्यंत जवळ्याने भरला. वर कावळे बसू नयेत म्हणून जुनी जाळी गच्चीवरून पार खाली खळ्यापर्यंत सोडली.

"अहो, घर झाकलं जातंय!"

"घर काय जवळ्याखाली लपतं? वेडीच हायस!"

ड्रोन घिरट्या घालून गेला. नवा नकाशा लागला. खळं होतं, चांगलं ऐसपैस, "मासळी सुकवण्याची सामाईक जागा". बायकांनी नाचून वाडी डोक्यावर घेतली. मी बोट फिरवत आमचं घर शोधत होते. हे शेजारच्या सुचिताचं घर. त्याच्या अलीकडे थेट खळं. बोट मागे आणलं, पुन्हा नेलं. आमचं घर नव्हतंच.

दीपेशना फोन लावला. "वहिनी, रेषा काढणारे ऑफिसात बसतात. त्यांना वरून सगळा एकच जवळा दिसला, घर खळ्यातच धरलं. तिरका एक जरी फोटो असता..." हरकत घ्या म्हणाले. पण ड्रोन म्हसळ्याकडे गेलेला, पुन्हा कधी येईल ते देव जाणे. मी मोबाइलवर घराचा फोटो काढून ऑफिसात पाठवला. दार, तोरण, दारात हे उभे. उत्तर आलं, समोरून काढलेला फोटो मापाला चालत नाही. खरं सांगते, उंबऱ्यावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिता डोक्यावर पाटी घेऊन आमच्या जिन्याशी.

"कुठे गो?"

"गच्चीवर. सामाईक हाय ना आता? तू भांडलीस म्हणून जागा मिळाली गो, एकवीरा तुझं भलं करो."

चेष्टा करत असती तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. ती मनापासून बोलत होती.

हे जिन्यात आडवे उभे राहिले. "अगो, हे माझं घर हाय! दिसत न्हाय?"

सुचिताने त्यांना खालून वर नीट न्याहाळलं.

"तुम्ही समोरून बघताय, भावोजी," ती म्हणाली. "सरळ वरून बघा." आणि त्यांना जरा बाजूला सारून जिना चढून गेली.