रानहंसांच्या गाण्याची मागची बाजू

रानहंसांचं अर्धं गाणं माझ्या घशात आहे. उरलेलं अर्धं माझ्या धाकट्या बहिणीच्या, अलासीच्या घशात. आणि अलासीशी मी आठ वर्षं बोललेले नव्हते.

हे गाणं एकटीला गाताच येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकींचे दंड धरायचे. एकीने घशातून आवाज काढायचा, ती श्वास घेईल तेवढ्या फटीत दुसरीने आपला आवाज घालायचा. जी आधी हसली ती हरली. आईने शिकवलं तेव्हा मी थोरली म्हणून पुढची बाजू माझी, मागची अलासीची. अदलाबदल कधी केलीच नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

आई गेली तेव्हा मी आमच्या उत्तरेच्या बर्फाळ गावापासून दूर दक्षिणेत, फुप्फुसांच्या इस्पितळात पडले होते. परत येऊन बघते तर आईची सुरी, ती चंद्रकोरीच्या आकाराची, जिने ती जन्मभर सील सोलत आली, ती अलासीने आपल्या घरी नेलेली. मी मागितली. "ती द्यायची नाहीये," एवढंच बाईसाहेब म्हणाल्या. मग मीही तिला चोर म्हणाले, गावाला ऐकू जाईल असं.

तीन महिन्यांनी तिला मुलगी झाली. नाव ठेवलं आईचंच, नियाली. आमच्यात ज्याचं नाव द्यावं, तेच माणूस पोराच्या रूपाने परत येतं. म्हणजे त्या शेंबड्या पोरीला मी आई म्हणायला हवं आणि तिने मला लेक! सगळं गाव तसं मानतं. मी नाही मानलं. दुकानात ती दिसली की मी पिठाच्या पोत्यांमागे वळायचे.

या हिवाळ्यात माझा दम फारच वाढला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी जिना चढलात तरी पुष्कळ. मग शाळेतल्या बाईंच्या आवाज भरायच्या यंत्रावर मी माझी बाजू भरून पाहिली. ऐकली तर आजारी कुत्रं खोकतंय! फटी सगळ्या रिकाम्या. मी गेले की हंसही गेले, हे मला तेव्हा कळलं आणि मी यंत्र बंद करून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. बुटांना बर्फ घेऊन नियाली थेट आत.

"सिआसी, घरी चल. मला हंसांचं गाणं शिकायचंय."

"तुझ्या आईला विचार."

"तिला मागची बाजूच येते. पुढची तुला येते. आणि तुला दम लागतो, नर्सबाई सांगत होत्या."

"त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही!" मी भडकले. "आणि मावशीला नुसतं सिआसी काय गं? मला हुकूम सोडणारी तू कोण लागून गेलीस?"

"तुझी आई," ती म्हणाली. "टोपी घाल, वारा आहे."

मी टोपी घातली. का घातली, देव जाणे.

अलासीने मला पाहून चहाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "दार लाव, गारठा येतोय," म्हणाली. जमिनीवर पुठ्ठ्यावर गोठलेला मासा होता. नियाली त्याच्यासमोर बसली, सुरी उचलली आणि कापायला लागली. तीच सुरी, आणि डाव्या हातात! आमच्या घरात डावखुरी एकटी आई होती.

"तिच्यासाठी ठेवली होती," अलासी म्हणाली. "आई म्हणाली होती, पोटातल्या बाळाला माझं नाव दे आणि सुरी माझी मलाच राहू दे."

"मग सांगायचंस ना!"

"सांगणारच होते. तू चोर म्हणालीस. मग म्हटलं, जा खड्ड्यात!"

सुरी आठ वर्षं आईकडेच होती आणि मी आईपासून तोंड लपवत फिरत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"बरं," अलासी म्हणाली आणि नाक पुसलं.

"भांडून झालं असेल तर उभ्या राहा," नियालीने फर्मावलं.

आम्ही दंड धरले. अलासीचे हात केवढे सुजलेले, म्हाताऱ्या बाईचे! मी सुरुवात केली, आणि पहिल्याच फटीत तिचा आवाज आला, जिथे यायला हवा तिथेच. हंस उठले. चार श्वास, पाच श्वास. सहाव्याला अलासीच्या नाकातून शेंबडाचा फुगा आला आणि मी खो खो हसत सुटले. हसता हसता खोकले, खोकता खोकता रडले. अलासी पाठ चोळत म्हणाली, "हरलीस ताई!"

नियाली हसली नाही. तिने अलासीला बाजूला ढकललं, माशाने माखलेले हात फ्रॉकला पुसले आणि माझे दंड धरले.

"आता मी मागची बाजू गाते. मग पुढची. दोन्ही शिकव. पहिल्यापासून, सिआसी."

मी दम खाल्ला.

"हो, आई," मी म्हणाले.