थोरली-धाकटीची भेट

थोरली गेल्याचं सकाळी कळलं, पहिल्या चहाच्या वेळी. नियंत्रणकक्षातला दिवसपाळीचा माणूस त्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "थोरली गेली." ऐकून त्याने हातातला कप खाली ठेवला. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. 'गेली' हा शब्द कानावर आला की अजून त्याला आधी तीच आठवायची.

थोरली म्हणजे जुना उपग्रह. पृथ्वी सूर्याचा किती उजेड परत फेकते आणि किती उष्णता बाहेर सोडते, ते मोजणारा. नवा उपग्रह म्हणजे धाकटी. ही नावं त्याच्या बायकोची. तो घरी उशिरा आला की ती विचारायची, "आज कुठल्या सवतीकडे होता? थोरलीकडे की धाकटीकडे?" नावं प्रयोगशाळेत पोचली आणि तिथेच राहिली.

त्याचं काम कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांची मापं एकमेकांशी जुळवायचं. कितीही जपून बनवा, दोन सेन्सर सारखं मोजत नाहीत. म्हणून नवा उपग्रह जुना जिवंत असतानाच वर जावा लागतो. दोघांनी काही महिने एकाच समुद्राकडे, एकाच क्षणी, एकाच कोनातून बघायचं. मग दोघांतला फरक कळतो आणि आकड्यांची रांग पुढे चालू राहते. पृथ्वीचं तापणं अगदी बारीक फरकात दिसतं, आणि तो दिसायला रांग सलग लागते. त्याची सगळी नोकरी त्या एका रांगेवर गेली होती. कागदोपत्री या प्रकाराला लांबलचक नाव होतं. बायकोने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भेट. सरळ भेट म्हणा की."

धाकटी तयार होती. रॉकेटची एक झडप गळत होती, म्हणून ती गोदामात झाकून ठेवली होती. झडप बदलून होईपर्यंत थोरली गप्प झाली. मग धाकटी वर गेली आणि पहिल्याच दिवशी स्वच्छ आकडे पाठवू लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या.

"आता कसंही करून रांग सांधा," विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

"कशाच्या आधाराने?"

"वर पाठवण्याआधी चाचणीच्या टाकीत घेतलेले आकडे आहेत ना दोघींचे?"

"ते जमिनीवरचे, बाई. वर जाताना हादरे बसतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन काच काळवंडते. थोरली शेवटी काय मोजत होती, ते तिच्याशेजारी उभं राहूनच कळलं असतं."

तरी तो लागला. दोघींनी आपापल्या वेळी बघितलेल्या एकाच वाळवंटावरून सांधून बघितलं, उंच ढगांवरून बघितलं, चंद्रावरून बघितलं. दर वेळी वेगळा आकडा. शोधायचा होता त्या फरकापेक्षा चूकच मोठी. चाचणीच्या दिव्यांची देखभाल करणारा जुना सोबती, ज्याला सगळे दिवेवाला म्हणत, तो म्हणाला, "थोरलीला विचारून घ्यायचं राहिलं राव. आता धाकटी सांगेल ते खरं."

तो हसला नाही. दिवेवाल्याने मान खाली घालून दिवा पुसायला घेतला.

बायको दवाखान्यात होती तेव्हा मुलीचे दिवस भरत आले होते. "अहो, माझी भेट होईल का?" बायकोने विचारलं होतं. तो "होईल" म्हणाला होता. नात झाली ती बायको गेल्यावर.

रविवारी मुलगी नातीला घेऊन आली. नात आता हसायला लागली होती.

"बाबा, हसताना अगदी आईसारखी दिसते ना?"

त्याने नातीकडे बघितलं. ओठांवर 'हो' आलं होतं. मग त्याने बायकोचं हसणं आठवायचा प्रयत्न केला. दवाखान्यातलं आठवलं, सुजलेल्या चेहऱ्याचं. त्याआधीचं आठवत होतं ते फोटोतलं. या दोघींना त्याने एका उजेडात शेजारीशेजारी कधी बघितलंच नव्हतं.

"सांगता येत नाही गं," तो म्हणाला.

मुलीने नातीला उचलून खांद्यावर घेतलं. मग दुपटं गोळा करत म्हणाली, "हो म्हणायला काय जात होतं तुझं? मी आकडा मागितला नव्हता, बाबा."

जेवायला थांबणार होती, ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अहवाल पुढ्यात ठेवला. रांग सलग असल्याचं त्यात लिहिलं होतं. "सही करा. शंका असेल ती तळटिपेत टाकू."

"बाई, भेट झालेली नाही."

"मी दुसऱ्या कोणाची सही घेऊ शकते."

"घ्या."

बाई अहवाल टेबलावरच ठेवून गेल्या. त्याने दोन्ही फायली पुन्हा उघडल्या. थोरलीची जिथे संपत होती, तिथून धाकटीची सुरू होईपर्यंत पडदा कोरा होता. तिथे टाकायला त्याच्याकडे काहीही नव्हतं. फोन शेजारी होता. मुलीला काय सांगायचं, तेही त्याला सुचलं नाही.

रांग सांधलेली नाही. सही केलेली नाही. मुलीला अजून फोन केलेला नाही.